बाबल्याला तिकीट लावू नका: आमच्या ग्रामसभेला खुलं पत्र

मा. सरपंचताई, उपसरपंच, सर्व सदस्य आणि सातही वाड्यांतल्या ग्रामस्थांना,

सप्रेम नमस्कार.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेची नोटीस परवा पंचायतीच्या फळ्यावर लागली. पाणीपट्टीची थकबाकी, स्मशानशेडचे पत्रे, खालच्या वाडीचा साकव, आणि विषय क्रमांक चार. गावाच्या वरच्या अंगाला, रानाला लागून जे वन्यप्राणी उपचार केंद्र आहे, तिथे पर्यटकांसाठी 'प्राणी दर्शन व खाऊ घालणे' सुरू करा अशी मागणी वनखात्याकडे करायची आणि माणशी १०० रुपये तिकीट सुचवायचं. खाली कुणीतरी पेनाने लिहून ठेवलंय, 'लहान मुलांस अर्धे'.

सभेत मला बोलायला पाच मिनिटं मिळतील. त्यातली तीन 'मोठ्यान बोल रे' यात जातील. म्हणून आधीच लिहून काढलं आणि नातीला सांगून सगळीकडे पाठवलं. बाबल्या म्हणजे त्याच केंद्रातलं एक माकड, त्याची गोष्ट पुढे येते. तारकर्ली-मालवणात गर्दी झाली की माणसं हल्ली तिळारी-आंबोलीकडे वळतात. आज हा विषय आपल्या फळ्यावर आहे, उद्या शेजारच्या गावात लागेल. त्यांनीही वाचलं तर बरं.

गावाला मी माहीत आहे, बाहेरच्यांसाठी सांगतो. एसटीत २७ वर्षं वाहक होतो. निवृत्तीनंतर चाळीस माड, थोड्या पोफळी, दोन एकर काजू, एवढा संसार. केंद्रात हा माझा तिसरा पावसाळा. रोज सकाळी सात ते बारा. पगार नाही. तिथले लोक याला स्वयंसेवक म्हणतात, आमच्या घरात 'फुकटचो हमाल' म्हणतात. दोन्ही बरोबर आहे.

केंद्रात काय चालतं हे गावात फारसं कुणाला ठाऊक नाही, आणि यात आमचीही चूक आहे. फाटक बंद दिसलं की लोक आतलं मनाने भरतात. कुणी म्हणतं आत वाघ आहे. कुणी म्हणतं परदेशातून पैसा येतो. वाघ नाही. पैशाचं म्हणाल, तर जूनमध्ये पंप जळला तेव्हा आठ दिवस आम्ही ओहोळावरून घागरी वाहिल्या.

सकाळी पहिलं काम स्वयंपाकघरात. पपई, केळी, रताळी, काकडी चिरायची, वजन करून बादल्यांत भरायची. बादल्यांना नंबर. कांडेचोरांना, म्हणजे ताडमांजरांना, उकडलेलं अंडं. साळिंदराला कंद आणि दात घासायला एखादं हाडूक. मग हे सगळं ताटात वाढायचं नाही, लपवायचं. बांबूच्या नळकांड्यात कोंबायचं, पालापाचोळ्याखाली पुरायचं, फांदीला उंच टांगायचं. पहिल्या दिवशी मला वाटलं, ही काय थट्टा लावलीय? जखमी, उपाशी जिवाला समोर वाढायचं सोडून त्याच्याशी लपंडाव खेळायचा? डॉक्टर म्हणाल्या, "काका, रानात ताट कोण मांडणार?"

डॉक्टर म्हणजे आपल्या पोरींच्या वयाची मुलगी आहे. पण तिच्या शब्दाबाहेर वनखात्याचा माणूसही जात नाही.

नंतर धुणं. पावसात ते काय असतं ते ज्याच्या घरी गोठा आहे त्याला सांगायला नको. आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आपल्याकडे जरा कमी, पण आपल्या छत्रीला तो फरक कळत नाही. गमबुटात जळवा, आठवड्याला लेप्टोचा ताप येऊ नये म्हणून गोळी, आणि अंगाला असा वास की मी घरी मागल्या दारानेच येतो. मे महिन्यात पुण्या-मुंबईची मुलं 'प्राण्यांसोबत वेळ घालवायचाय' म्हणून फोन करतात. डॉक्टर त्यांना म्हणतात, जुलैत या आणि महिनाभर राहा. निम्मी तिथेच गळतात. जी येतात ती बावनकशी. गेल्या पावसात आलेल्या एका मुलीने सव्वा महिन्यात एकाही प्राण्याला हात लावला नाही, फक्त चिरलं, धुतलं आणि जाळीची भोकं शिवली. जाताना रडत गेली.

आणि हे सगळं गप्प बसून. पिंजऱ्यांच्या आसपास बोलायचं नाही, शीळ घालायची नाही, फोन वाजता कामा नये. २७ वर्षं 'पुढे सरका, पुढे सरका' करत घसा फाडलेल्या माणसाला हे किती जड गेलं असेल ते तुम्हीच बघा.

तिथे येतं कोण? सगळे आपणच पाठवलेले. माडाच्या झापांत घातलेली कांडेचोराची पिल्लं माड तोडला की खाली येतात. रबरासाठी डोंगर साफ केला की शेकरूचं घरटं फांदीसकट पडतं. 'बिबट्याचं पिल्लू सापडलं' म्हणून फोन येतो, आम्ही धावतो, बघतो तर वाघाटीचं पिल्लू, मांजरापेक्षा लहान. हमरस्त्यावर गाडीने उडवलेलं उदमांजर, विहिरीतला अजगर, पंख मोडलेला धनेश. एकदा खवलेमांजर आलं. दोन रात्री ते पिंजऱ्यात गोल फिरलं, तोंडात काही घेईना. मुंग्या आणि वाळवीशिवाय त्याला दुसरं अन्न नाही, ते आम्ही ताटलीत कुठून आणणार? अंगावर जखम नव्हती. तिसऱ्या रात्री वनखात्याच्या माणसांनी त्याला सापडलं त्याच रानात सोडलं. आमचा उपचार एवढाच, की आम्ही त्याच्या वाटेतून बाजूला झालो.

कधी कधी तर आणायलाच नको असतं. गेल्या जूनमध्ये मुंबईचं एक कुटुंब गाडीच्या डिकीत भेकराचं पाडस घेऊन आलं. 'एकटंच बसलं होतं बिचारं.' अहो, ते बसवलेलं असतं. भेकराची मादी पिल्लाला गवतात दडवून चरायला जाते. पिल्लाच्या अंगाला वास जवळजवळ नसतो आणि ते हलत नाही, हेच त्याचं कुंपण. डॉक्टरांनी त्यांच्याच गाडीतून ते परत नेलं, तिन्हीसांजेला त्याच जागी ठेवलं. मी लांब गडग्यामागे बसलो होतो. काळोख पडल्यावर कुत्रं भुंकावं तसा भेकराचा आवाज आला, एकदा, मग जवळून. नंतर बॅटरी मारून बघितलं तर गवत रिकामं. त्या कुटुंबाला मी दोष देत नाही. त्यांना दया आली होती. दयेनेच जास्त गोंधळ होतो, हे पुढे माझ्याच बाबतीत सांगायचं आहे.

फासकीचं मात्र बोलतो, कारण ती मुंबईची माणसं लावत नाहीत. डुक्कर काजूत आणि भातात घुसतं, एका रात्रीत वर्षाचं पीक झोपवतं, भरपाईसाठी पंचनाम्याची वाट बघण्यात पुढची लावणी येते. मान्य. पण मोटारसायकलच्या क्लचची तार कुंपणाला बांधली की तिला डुक्कर आणि बिबट्या वेगळे ओळखता येत नाहीत. फेब्रुवारीत जी मादी आली तिच्या कमरेत तार चार बोटं रुतली होती. ती सकाळपर्यंत जगली. आपल्याच शिवारातली तार होती ती. कुणाची ते मी विचारलं नाही.

आता मूळ गोष्टीवर येतो.

दोन वर्षांपूर्वीचा मे महिना. वरच्या वाडीच्या डीपीवर लाल तोंडाची माकडीण चिकटली. लाइनमनने लाइट बंद केल्यावर ती खाली पडली, पोटाला पिल्लू, जिवंत. मी नारळ पाडायला आलेल्या माणसाची वाट बघत तिथेच उभा होतो, म्हणून गोणपाट घेऊन गेलो. आईच्या केसांतून त्याच्या मुठी सोडवायला पंधरा मिनिटं लागली. एक बोट सोडवावं तर दुसऱ्याने धरायचं. माझ्या हातावर आलं तेव्हा त्याचं वजन अर्धा किलोही नसेल. मला हसू येत होतं, खरं सांगतो. सकाळीच मी माझ्या बागेतून याच्याच खानदानावर फटाके उडवले होते. कोवळे नारळ, शहाळी, केळफूल, काय म्हणून ठेवत नाहीत ते. आजही उडवतो. प्राण्यांवर प्रेम करणारा माणूस म्हणून मी केंद्रात गेलो नाही. ते पिल्लू शर्ट सोडेना म्हणून गेलो.

डॉक्टरांनी मला तीन गोष्टी सांगितल्या. हातमोजे आणि मास्क. तोंड बंद. आणि नाव ठेवायचं नाही, वहीत तो नंबर सात. बिलगायला साध्या सुती टॉवेलाची गुंडाळी आणि कोमट पाण्याची बाटली. गाईचं दूध नाही, त्याने हगवण लागून पिल्लं मरतात. पावडरीचं खास दूध, ते सिरिंजने, थेंब थेंब, पिल्लू पालथं धरून. उताणं धरलं तर दूध फुप्फुसात जातं. दर दोन तासांनी. दिवसाची पाळी दुसऱ्याची, रात्रीची माझी, कारण म्हाताऱ्याला तशीही झोप नसते.

जूनच्या पहिल्या मोठ्या पावसाची रात्र. लाइट गेलेली, डॉक्टर सावंतवाडीला अडकलेल्या, आणि नंबर सात काही केल्या गप्प बसेना. टॉवेल टाकून द्यायचा, बाटली ढकलायची, दूध तोंडातून ओघळू द्यायचा. पहाटे तीनला वाटलं, आता हा राहत नाही. मी हातमोजे काढले. मास्क काढला. शर्टाची दोन बटणं सोडून त्याला आत घेतलं आणि पडवीत फेऱ्या मारायला लागलो. तो पोटाशी चिकटला, केसांत मुठी घालून, जशा आईच्या घातल्या होत्या. आणि गप्प झाला. मी सिरिंज तोंडाशी नेली आणि काय सुचलं कुणास ठाऊक, जन्मभराची सवय, तोंडाने हळूच डबल बेल दिली. टिंग टिंग. चला. तो प्यायला.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. तो पिसासारखा हलका जीव दिवसागणिक भरत होता आणि मला वाटायचं, नियम पुस्तकातले, पिल्लू माझ्या हातातलं. दोन महिने. रोज रात्री शर्टात, रोज टिंग टिंग. नाव बाबल्या. बायको म्हणायची, "काय हो, आता माकडाचे बापूस झालात?" मला ते आवडायचं.

पुढे त्याला मोठ्या पिंजऱ्यात इतर चार पोरक्या पिल्लांत सोडलं. ती चौघं एकमेकांच्या उवा काढायची, भांडायची, एकमेकांना बिलगून झोपायची. बाबल्या दाराशी बसायचा. मी दिसलो की जाळीला लटकायचा, नाही दिसलो की तिथेच. डॉक्टर एक दिवस माझ्याकडे नुसतं बघून म्हणाल्या, "काका, किती दिवस?" मी सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

वर्षभर वाट बघून, गेल्या ऑक्टोबरात, पाऊस ओसरल्यावर पाचही जणांना रानाकडच्या बाजूचं दार उघडून दिलं. एकदम हाकलत नाहीत. दार उघडं ठेवायचं, थोडं खाणं आत ठेवत राहायचं, हळूहळू कमी करायचं. चौघं आठ दिवसांत वर चढली. त्यातली तीन अजून कॅमेऱ्यात दिसतात, जंगली टोळीच्या मागे मागे. चौथं दिसत नाही. आणि बाबल्या अकराव्या दिवशी उतरून आपल्या एसटी थांब्यावर आला.

तुमच्यापैकी अनेकांनी तो बघितला आहे. तुम्ही हसलात, बिस्किटं दिलीत, व्हिडिओ काढलेत. तो थांब्यावर का येतो हे कुणालाच कळेना. मला पहिल्या दिवशी कळलं. सकाळची सातची गाडी सुटताना वाहकाने दोरी ओढली, टिंग टिंग, आणि बाबल्या चिंचेवरून उडी मारून थेट दारात. त्या बेलवर त्याला दूध मिळत होतं. चार दिवस मी सकाळी घराबाहेर पडलो नाही, तो मला बघेल म्हणून. पाचव्या दिवशी त्याने चौथीतल्या मुलाच्या हातातून पुडा ओढला, मुलाने सोडला नाही, आणि मनगटावर नखं लागली. पोराला इंजेक्शनं घ्यावी लागली, आईबाप घाबरले, त्यांचं काही चुकलं नाही. वनखात्याने पिंजरा लावला. केळं घ्यायला तो आपणहून आत गेला. माणसाच्या पिंजऱ्याची त्याला भीतीच नव्हती.

तेव्हापासून तो केंद्रात आहे. माकडं वीस-पंचवीस वर्षं जगतात. हा रानात जाणार नाही.

मराठीत आपण 'माणसाळला' असं कौतुकाने म्हणतो. केंद्रात हा शब्द मरणाच्या बातमीसारखा, खालच्या आवाजात बोलतात. मी एकट्याने, दोन महिन्यांत, प्रेमाने एक माकड माणसाळवलं आणि त्याचं रान गेलं. आता विषय क्रमांक चार वाचा. रोज शंभर-दोनशे हात, शेंगदाणे, कुरकुरे, सेल्फी. ज्यांना आपण रानात परत पाठवायला म्हणून आणलं, त्या सगळ्यांचे आपण बाबल्या करणार. आणि ते सुटतील तेव्हा जाणार कुठे? तुमच्या पडवीत. तुमच्या पोरांच्या हातातल्या पुड्याकडे.

'आम्ही दोरी बांधू, लांबून दाखवू,' असं उपसरपंच परवा चहाच्या टपरीवर म्हणाले. साहेब, गर्दी म्हणजे काय हे मला नका सांगू. ४४ सीटच्या गाडीत जत्रेला नव्वद माणसं नेलीत मी. 'मागे सरका' म्हटल्यावर मागे सरकलेला माणूस मला २७ वर्षांत भेटलेला नाही.

टपरीवर आणखी एकजण म्हणाला, "डॉल्फिन बघूक लोक पैशे देतत, मगे माकड बघूक कित्याक देवचे नाय?" प्रश्न चांगला आहे. आणि वेळासचं उदाहरणही सगळेच देतात, त्यामुळे त्याला उत्तर देणं भाग आहे. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने २००२ पासून गावकऱ्यांना सोबत घेऊन ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखली. पुढे तिथे लोक बघायला येऊ लागले, घरोघरी राहण्या-जेवण्याची सोय झाली, गावाला चार पैसे मिळाले. मी जाऊन आलोय. पण तिथे काय दाखवतात ते नीट बघा. अंड्यांतून निघालेली पिल्लं वाळूवर ठेवतात, दोन्ही बाजूंनी दोरी, आणि पिल्लू आपल्या पायांनी समुद्रात जातं. बघणाऱ्यांपैकी कुणी हात लावत नाही, कुणी खाऊ देत नाही. लोक पैसे देतात ते पिल्लू जाताना बघायला. आपण मागतोय ते उलटं, जाणाऱ्याला थांबवून दाखवायचं. डॉल्फिनचंही तसंच, तो पाण्यात मोकळा असतो, बोट जवळ आली आणि नको वाटलं तर बुडी मारतो. पिंजऱ्यातल्या माकडाने बुडी कुठे मारायची?

दोरी बांधून माणसं थांबतील की नाही ती गोष्ट सोडा, कायदाही आड येतो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा, त्याच्या ३९व्या कलमाप्रमाणे केंद्रात आणलेला वन्यप्राणी सरकारची मालमत्ता. केंद्राला तो फक्त बरा करायला दिलेला आहे. आपल्या केंद्राच्या परवानगीतच प्रदर्शन करायचं नाही अशी अट आहे. ठराव गेला तर तालुक्यातून परत येईल, नाहीतर परवानगीच जाईल आणि पुढच्या वेळी तुमच्या विहिरीत बिबट्या पडला की गाडी कुठून तरी लांबून येईपर्यंत तुम्ही कठड्यावर बॅटऱ्या धरून बसाल.

आणि माकडतापाची आठवण करून देऊ? २०१६ साली दोडामार्ग तालुक्यात आणि पुढच्या वर्षी बांद्याच्या बाजूला तो आला. काजूच्या हंगामात माणसं तापाने आडवी झाली, रानात माकडं मरून पडलेली, आरोग्य खात्याची गाडी दारोदार रक्त घेत हिंडायची. तो गोचिडीतून येतो. म्हणून केंद्रात नवीन माकड आलं की ते आधी वेगळं ठेवतात, गोचिडी काढतात, आणि आम्ही हातापायाला तेल चोळून बाह्या बांधून आत जातो. शिवाय आपली सर्दी, आपला क्षय त्यांना होतो ते वेगळंच. चतुर्थीला आलेला चाकरमानी पोराला खांद्यावर घेऊन जाळीला तोंड लावून उभा राहील तेव्हा यातलं काय काय सांगायचं त्याला?

गावाला पैसा नको असं मी म्हणत नाही. मला पेन्शन किती येते ते एसटीवाल्यांना विचारा. जे महिनाभर राहायला येतात ते आपल्याच घरांत राहतात आणि आपल्याच हातचं जेवतात, हे दोन घरांना माहीत आहे, बाकीच्यांना नाही. अशी आठ-दहा घरं झाली तर केंद्राला माणसं मिळतील आणि घरांना भाडं. केंद्राची केळी, पपई, अंडी आज तालुक्याच्या बाजारातून येतात. ती आपल्या बागांतून का जाऊ नयेत? बचतगटाच्या बायकांनी हे मनावर घेतलं तर तिकिटापेक्षा बरे पैसे होतील, आणि दर आठवड्याला. ज्यांना पर्यटक हवाच आहे त्यांनी त्याला पावसात रात्री ओहोळाकाठी बेडूक दाखवावेत, सकाळी धनेशाची जोडी दाखवावी. २०२१ साली तिळारीचं २९.५३ चौरस किलोमीटर रान संवर्धन राखीव झालं ते या जिवांसाठीच. आपण त्याच्या उंबऱ्यावर राहतो, आणि उंबऱ्यावर उभं राहून पिंजऱ्यातली माकडं विकायला निघालोय. हे मी जरा जास्त बोललो. राहू दे.

एक मागणी मात्र लेखी करतो. विषय क्रमांक चार रद्द करून त्या जागी हे घ्या: काजूचा हंगाम सुरू होण्याआधी, डिसेंबरात, प्रत्येक वाडीने एक दिवस आपापल्या कुंपणाने फिरून तारा काढायच्या. पंचायतीने भरपाईच्या अर्जांसाठी महिन्यातून एक दिवस टेबल मांडायचं, म्हणजे तार लावायची पाळी येणार नाही. मी अर्ज भरून द्यायला बसेन. माझं अक्षर चांगलं आहे.

सदस्यांपैकी ज्यांना प्रत्यक्ष बघायचं आहे त्यांना डॉक्टरांनी बोलावलं आहे. दोघं-दोघं करून या, सकाळी सात वाजता, स्वयंपाकघरात. फोन फाटकावर ठेवायचा. पिंजऱ्यांकडे नेणार नाही, सुरी देऊ.

मी तुम्हाला मागच्या दाराने येताना दिसेन. नऊ महिने झाले, बाबल्याच्या पिंजऱ्यासमोरून मी गेलेलो नाही. माझा रस्ता ओहोळाच्या बाजूने आहे, लांबचा, निसरडा. आता त्याच्यासोबत आणखी एक माकडीण ठेवली आहे, एका हाताची, आणि डॉक्टर म्हणतात तो हल्ली तिच्या उवा काढतो. मला दिसत नाही ते. पण सातची गाडी खाली थांब्यावरून सुटते तेव्हा वरपर्यंत बेल ऐकू येते, आणि जाळी हलल्याचा आवाज येतो.

आपला,
वरच्या वाडीतला निवृत्त वाहक
(सही केलेली प्रत पंचायतीत दिली आहे.)

ता.क. जुनी धोतरं, सुती साड्या, चादरी असतील तर फाटकावरच्या पिंपात टाकाव्यात. टर्किश टॉवेल नकोत, त्याच्या फासांत पिल्लांची नखं अडकतात. पिंपाला घंटा आहे, ती वाजवू नये.